तिसवाडीला बोटीने वळसा: आग्वादची बार, कुंभारजुवे कालवा आणि भरतीचा हिशेब

प्रश्न असा आहे: स्वतःची 26 फुटी फायबरची बोट, मागे 60 अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, इंजिन खाली सोडल्यावर ड्राफ्ट (बोटीचा पाण्याखाली जाणारा भाग) 80 सेंटिमीटर. पणजीहून मांडवीने वर, कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत, तिथून मुरगावच्या उपसागरात आणि काबोला (मांडवी आणि जुवारी यांच्या मुखांमधलं टोक) वळसा घालून आग्वादमार्गे परत पणजी, असा तिसवाडीचा (पाण्याने वेढलेला पणजीचा तालुका) पूर्ण फेरा एका दिवसात करायचा आहे. दिवस कोणता धरावा, वेळ कोणती, तयारी काय?

आधी एक बदल करा. मार्ग हाच ठेवा, पण उलट्या दिशेने जा. पणजीहून सरळ समुद्राकडे, बार (नदीच्या मुखावरचा वाळूचा उथळ पट्टा) ओलांडून दक्षिणेला काबो, मग जुवारीत आत, कालव्यातून उत्तरेला आणि शेवटी मांडवीच्या ओहोटीबरोबर पणजीला. तिसवाडी सगळा वेळ डाव्या हाताला राहील.

कारण सांगतो. या फेऱ्यात बोट अडचणीत येण्याच्या दोनच खऱ्या जागा आहेत: मांडवीच्या मुखावरची वाळूची बार आणि कालव्यातला मधला उथळ भाग. बारला शांत वारा हवा आणि ओहोटीचा जोर नको. कालव्याला चढतं पाणी हवं. तुम्ही लिहिलेल्या दिशेने गेलात तर कालवा भरतीत साधेल, पण बारवर पोचाल तोवर दुपार झालेली असेल. त्या वेळी नदी जोरात बाहेर निघालेली असते आणि वायव्येचा खारा वारा समोरून आत येत असतो. वाऱ्याविरुद्ध ओहोटी लागली की बारवर आखूड, उभ्या भिंतीच्या लाटा उठतात. लाटेची उंची मीटरभरच असली तरी दोन लाटांमधलं अंतर इतकं कमी होतं की 26 फुटी बोटीची नाळ (पुढचं टोक) एकीतून वर येण्याआधीच पुढचीत घुसते. उलट्या दिशेने गेलं की बार सकाळी लागते. तेव्हा जमिनीवरचा मतलई वारा मंद असतो किंवा पडलेला असतो आणि भरतीचं पाणी आत येत असतं.

आता दिवस. भरतीची पूर्ण वेळ सकाळी साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान यायला हवी. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला कोकणातला आडाखा मुंबईच्या आसपास बसतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गोव्यात भरती साधारण तासभर आधी लागते. म्हणजे तुमच्या कामाचा दिवस पौर्णिमा किंवा अमावस्या, फार तर लगेचची प्रतिपदा. आडाखा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तो फक्त कॅलेंडर चाळायला वापरा. नेमकी वेळ आणि पाण्याची उंची मुरगावच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्या. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे वेळेइतकाच उंचीचा आकडाही वाचा.

अमावस्या-पौर्णिमेचा दुसरा फायदा असा की सगळ्यात मोठं उधाण तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतं. उधाण चढतं असताना चुकून बोट टेकली तर पुढची मोठी भरती आजच्याइतकी किंवा जास्त येण्याची शक्यता असते. तेच तृतीया-चतुर्थीला, उतरत्या उधाणात ऐन भरतीच्या टोकाला बोट चिखलावर चढवली तर पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा कमी येते आणि बोट पुढच्या उधाणापर्यंत तिथेच अडकू शकते. मुरगावला उधाणाच्या दिवशी चढ-उतार दोन मीटरच्या थोडा वर जातो, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, कमी चढ-उताराच्या) दिवसांत मीटरच्या आतबाहेर. भांगाचं पाणी शांत असतं म्हणून नवखे लोक तो दिवस निवडतात. नदीत तो चांगलाच, पण कालव्यात पाणी पुरत नाही.

हंगाम नोव्हेंबर ते मार्चचा मध्य. एप्रिल-मे मध्ये खारा वारा लवकर उठतो आणि जोरात वाहतो. जून ते सप्टेंबर बारचं नावही काढू नका. खाणींचा माल वाहणारे बार्जसुद्धा पावसाळ्यात बार टाळून मांडवीतून याच कालव्याने जुवारीत उतरत आणि मुरगाव गाठत, यावरून काय ते समजा.

मुरगावला भरती 11 वाजता धरून वेळापत्रक असं बसतं. पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी संपलेली असते. उजाडल्यावर, सातला पणजी सोडा. सहा नॉटचा (एक नॉट म्हणजे तासाला 1.85 किलोमीटर) वेग ठेवलात तरी भरती समोरून असल्याने जमिनीच्या हिशेबाने पाच मिळतील. पावणेआठच्या आसपास बार. साडेआठपर्यंत काबोला वळसा. तिथून भरती पाठीशी, सव्वानऊ-साडेनऊला जुवारीचे पूल, पावणेदहाच्या आत कालव्याचं तोंड. कालवा 17 किलोमीटरचा आहे. पाच नॉटने पावणेदोन ते दोन तास. मधला उथळ भाग साडेदहा-पावणेअकराला येतो. आत भरती मुरगावपेक्षा अर्धा ते एक तास उशिरा पूर्ण होते, म्हणून तिथे तेव्हाही पाणी चढतंच असतं. पावणेबाराला मांडवीत, आणि ओहोटीबरोबर साडेबारा-एकपर्यंत पणजी. सगळं मिळून 50 ते 55 किलोमीटर. निघायला तासभर उशीर झाला तर कालव्याचा हिशेब मोडतो. मग कालव्यात न शिरता जुवारीतच फिरून यावं, किंवा बेत दुसऱ्या दिवसावर टाकावा. मात्र जुवारीतून परतताना पुन्हा बार लागते, तेव्हा वारा उठायच्या आत फिरा.

बारविषयी थोडं जास्त. पावसाळ्यात नदीचा लोंढा आणि लाटा मिळून वाळू हलवतात, त्यामुळे गेल्या मोसमातला जीपीएसचा ट्रॅक भरवशाचा नाही. चालू चार्ट (सागरी नकाशा) आणि बॉया (वाट दाखवणारे तरंगते पिंप) पाहूनच जा. भारतात बॉयांची पद्धत अशी आहे की समुद्रातून आत येताना लाल डाव्या हाताला, हिरवी उजव्या हाताला. तुम्ही मांडवीतून बाहेर जात आहात, म्हणजे लाल उजवीकडे राहील; जुवारीत शिरताना तीच डावीकडे येईल. एकाच सकाळी ही अदलाबदल होते आणि लोक नेमके इथे गोंधळतात. बारच्या आधी नदीतच वेग कमी करून पाच-दहा मिनिटं लाटांकडे बघा. लाटा गटाने येतात. सगळ्यात मोठा गट कुठे फुटतो, फुटतो की नुसता उचलला जातो, ते दिसतं. पांढरा फेस सलग पट्ट्यासारखा दिसला तर मागे फिरा. हा निर्णय बारच्या आधी घ्यायचा, कारण बारवर बोट वळवताना ती लाटेला आडवी होते आणि उलटते ती अशीच. ओलांडायचं ठरलं की सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, सामान बांधलेलं, माणसं बसलेली. नाळ लाटेला सरळ, थ्रॉटलवरून हात काढायचा नाही. चढताना थोडा जोर, माथ्यावर पोचताच कमी, म्हणजे बोट पलीकडे आपटत नाही.

काबोच्या टोकावर राज्यपालांचं निवासस्थान आहे, खूण म्हणून ते लांबून दिसतं. टोकाच्या पायथ्याशी खडक आहेत आणि लाट तिथून परतून उलटी येते, तेव्हा कोपरा कापू नका. चार्टवर पाच मीटर खोलीची रेषा पाहून तिच्या बाहेरून वळा. पुढे मुरगाव बंदर लागतं. मोठ्या जहाजांची वाट खोदलेली आहे आणि त्या जहाजाला तिच्या बाहेर जाता येत नाही. अरुंद वाटेत 20 मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाला अडथळा करायचा नाही, हा टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम. वाट ओलांडायचीच झाली तर काटकोनात आणि झटपट ओलांडा. व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबरवर ऐकत राहा.

जुवारीत उत्तरेकडच्या किनाऱ्याला, शिरदोणच्या बाजूला, पाणी उथळ होत जातं. पात्राच्या मध्याकडे राहा. कुठ्ठाळी-आगशीचे पूल आणि कोकण रेल्वेचा पूल मधल्या गाळ्यांतूनच पार करा. खांबाजवळ प्रवाह तिरपा ओढतो, म्हणून गाळ्याच्या आधी शंभर मीटरवर बोट सरळ रेषेत आणून ठेवा. उंचीचा प्रश्न 26 फुटी बोटीला मोठ्या पुलांखाली येत नाही. कालव्यावरच्या पुलांसाठी मात्र पाण्यापासून अँटेनाच्या टोकापर्यंतची उंची आधी टेपने मोजून ठेवा. तुम्ही भरतीला जात आहात, म्हणजे पुलाखालची मोकळी जागा नेमकी सगळ्यात कमी असेल.

आता कालवा, इथे घाई नको. 2016 च्या कायद्यात याला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 27 म्हटलं आहे, पण म्हणून सगळीकडे खोली राखलेली मिळेल असं समजू नका. दोन्ही टोकं नद्यांना उघडी असल्याने भरतीचं पाणी दोन्हीकडून आत शिरतं. अशा वाटेत दोन पाणी जिथे भेटतात तिथे प्रवाह मंदावतो आणि सोबत आणलेला गाळ खाली बसतो. ती जागा दर मोसमाला थोडी सरकते. ओळखायची खूण साधी आहे: इतका वेळ तुमच्याबरोबर वाहत आलेली पानं, काटक्या पाण्यावर थबकलेल्या दिसतात. तिथे वेग तीन नॉटवर आणा, इंजिन थोडं ट्रिम करून वर घ्या आणि डोळे खोलीमापकावर ठेवा. खोलीमापकाचा सेन्सर पाण्याखाली किती आहे ते सेटिंगमध्ये भरलेलं असावं. नाहीतर पडद्यावर 1.2 दिसतं आणि ते पृष्ठभागापासून की सेन्सरपासून, हे ऐन वेळी आठवत नाही. हिशेब असा करा: चार्टवरची खोली अर्धा मीटर, त्या क्षणी भरतीची उंची 1.8, म्हणजे पाणी 2.3 मीटर. तुम्हाला हवं 0.8 ड्राफ्ट अधिक 0.6 राखीव, एकूण 1.4. राखीव 60 सेंटिमीटरच्या खाली गेलं की थांबा आणि पाणी आणखी चढू द्या. पाव तासात किती चढेल? भरतीचे सहा तास धरले तर चढ-उताराचे बारा भाग करा. तासातासाला 1, 2, 3, 3, 2, 1 असे भाग चढतात. दोन मीटरच्या उधाणात मधल्या दोन तासांत दर तासाला अर्धा मीटर, शेवटच्या तासात जेमतेम 17 सेंटिमीटर. म्हणून शेवटच्या तासावर विसंबून उथळ पाण्यात शिरू नये.

उथळ पाण्यात वेग वाढवून काही मिळत नाही. तळ जवळ आला की बोटीचा मागचा भाग खाली बसतो, मागची लाट मोठी होते आणि थ्रॉटल दिला तरी बोट जड लागते. खोलीमापकाआधी हा इशारा मिळतो. वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी खोल आणि आतल्या बाजूला गाळाची जीभ, हे बहुतेक ठिकाणी खरं ठरतं. उजवीकडून चालण्याचा नियम पाळताना ती जीभ उजव्या हाताला आली तर मध्यापर्यंत सरका आणि आंधळ्या वळणावर चार ते सहा सेकंदांचा एक लांब भोंगा द्या. पलीकडून उत्तराचा भोंगा आला तर बार्ज असू शकतो. वेग तोडा, बाजूला व्हा. भरलेला बार्ज अरुंद पात्रातून जाताना काठाचं पाणी आधी ओढून घेतो आणि मग परत सोडतो. काठाला चिकटून थांबलेली लहान बोट त्या ओढीत टेकते, तेव्हा काठापासून थोडं अंतर ठेवूनच थांबा.

काठांकडेही लक्ष हवं. कालव्याच्या दोन्ही अंगांना खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली) शेती आहे, मातीचे बांध आणि मानशींची (पाणी आतबाहेर सोडायच्या वाटांची) दारं आहेत. बोटीची लाट बांधाच्या पायथ्याची माती काढते. बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि शेतकऱ्याचं पीक जातं. तुमच्या मागच्या लाटेचा माथा पांढरा फुटत असेल तर वेग जास्त आहे. पाच नॉट ही वरची मर्यादा धरा आणि होडीतून जाळं टाकणाऱ्यांजवळून न्यूट्रलमध्ये घसरत जा.

जाळ्यांचे खुंट पात्रात रांगेने ठोकलेले असतात. दोन खुंटांच्या मधे जाळं लावलेलं आहे असंच समजायचं. रांगेला काठाकडून नाही, तर जिथे होड्यांची ये-जा दिसते त्या मोकळ्या जागेतून ओलांडा. जवळ कोणी असेल तर विचारा, लोक हाताने वाट दाखवतात. भरतीत काही खुंटांची फक्त टोकं दिसतात, काही बुडतात. नाळेवर एक माणूस बसवा, पोलराइज्ड चष्मा लावून. कालव्यावरच्या बाणस्तारीच्या पुलाच्या पुढेमागेही हा माणूस उठू नये.

प्रोपेलरमध्ये जाळं अडकलंच तर इथे एक गोष्ट वेगळी आहे: कालव्यात मगरी आहेत. पाण्यात उतरायचं नाही, हात-पाय बाहेर लोंबकळू द्यायचे नाहीत. इंजिन ताबडतोब बंद, चावी काढलेली, आधी नांगर टाका म्हणजे बोट वाहणार नाही. मग आउटबोर्ड पूर्ण वर उचला आणि बोटीत बसूनच काम करा. दोर ज्या दिशेने गुंडाळला गेलाय त्याच्या उलट दिशेने प्रोपेलर हाताने फिरवत सोडवा. घट्ट बसलेला असेल तर करवती दाताच्या सुरीने पात्याकडून नव्हे, हबकडून कापा. नायलॉनची बारीक तंगूस बाहेरून निघाली तरी प्रोपेलर आणि गिअरकेसच्या मधल्या वॉशरखाली उरते आणि शाफ्टच्या ऑइल सीलला कापते. म्हणून घरी आल्यावर कॉटर पिन काढून, नट खोलून प्रोपेलर उतरवा आणि शाफ्ट पुसून बघा. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलं, पाणी शिरलं. सोबत एक सुटा प्रोपेलर, दोन कॉटर पिन, नटाच्या मापाचा पाना आणि खाली वस्तू पडू नये म्हणून एक लहान जाळीची पिशवी ठेवा. पाण्यात पडलेला नट चिखलातून परत मिळत नाही.

चिखलात बोट टेकली तर पहिली चूक असते ती जोरात रिव्हर्स देण्याची. प्रोपेलर गाळ उडवतो, तो गाळ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तोंडातून इंपेलरमध्ये (ते पाणी खेचणारा रबरी पंखा) जातो आणि बोटीभोवती आणखी साचतो. इंजिन बंद करा. भरती चढत असेल तर बहुतेक काम पाणीच करतं. नांगर खोल पाण्याच्या बाजूला, वल्ह्याच्या होडीतून किंवा हाताने लांब फेकून टाका, म्हणजे पाणी चढताना बोट आणखी आत ढकलली जाणार नाही. माणसं ज्या बाजूला खोल पाणी आहे तिकडे सरकवा, इंजिन वर घ्या, आणि बोट हलायला लागली की दोर ओढून बाहेर काढा. ओहोटी लागलेली असेल तर पहिली पाच-दहा मिनिटंच हातात असतात. नाही निघाली तर बोट सरळ बसेल असं पाहून पुढच्या भरतीची वाट बघा. उतरून ढकलायचा मोह इथे मगरींमुळेही टाळा आणि मांडीपर्यंत रुतणाऱ्या चिखलामुळेही.

गाळाच्या पाण्यातून निघाल्यावर इंजिनच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार नियमित बघत राहा. धार बारीक किंवा गरम झाली तर थांबा. बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवी किंवा गाळ तोंडाशी असतो. धारेच्या नळीत पातळ तार घालून मोकळी करा. इंपेलरचा नवा संच सोबत हवा.

मांडवीत कालवा मिळतो तिथे कुंभारजुवे, दिवाडी या बेटांमुळे पात्र फाटतं. कोणत्या फाट्याने उतरायचं ते घरीच चार्टवर आखून या. जुने गोवेच्या अंगाने आलात तर दिवाडीची फेरीबोट आडवी जाते, पुढे रायबंदर-चोडण. फेरीबोटीच्या पुढून कधीच काढायचं नाही; ती प्रवाहाच्या हिशेबाने तिरपी चालते, त्यामुळे तिची दिशा फसवते. चोडणच्या पश्चिम टोकाला सालीम अली पक्षी अभयारण्य आहे, फक्त 1.78 चौरस किलोमीटरचं. खारफुटीतल्या वाटांमध्ये वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका, बाहेरूनही हळू जा. पणजीजवळ नांगरलेले कॅसिनो आणि त्यांच्याकडे सारख्या धावणाऱ्या लहान बोटी यांच्यामधून वाट काढताना अटल सेतूच्या खांबांत घाई करू नका, ओहोटी पाठीमागून ढकलत असते.

पेट्रोल: सहा नॉटला या इंजिनाला तासाला आठ लिटर धरले तर साडेपाच तासांना 44. दोन भाग प्रवासाला, तिसरा राखीव. म्हणजे 66, टाकी 70 लिटर भरा. पूर्ण थ्रॉटलला हेच इंजिन तासाला 22-23 लिटर पितं, म्हणून वारा टाळायला घाईने पळवायचं ठरलं की हिशेब कोसळतो. पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर बसवा आणि एक सुटा ठेवा.

नांगर डॅनफोर्थ जातीचा, 8 ते 10 किलो, त्याला 8 मिलिमीटरची सहा मीटर साखळी आणि 12 मिलिमीटरचा 50 मीटर नायलॉन दोर. दोर सोडताना खोली भरतीची धरायची आणि नाळेची उंची मिळवायची: पाणी दोन, भरती दोन, नाळ एक, एकूण पाच मीटर, दोराला सातपट, 35 मीटर. मऊ चिखलात नांगर टाकून लगेच ताण देऊ नका, पाच मिनिटं बसू द्या.

कागदांत नोंदणी, सर्व्हे आणि विमा. नद्या आणि कालवा अंतर्देशीय जलवाहतुकीच्या कायद्यात येतात, पण आग्वाद ते काबो हा तुकडा उघड्या पाण्याचा आहे. तुमच्या बोटीची नोंदणी त्याला चालते का, हे पणजीच्या बंदर कप्तान खात्यात आधी विचारून घ्या. विम्याच्या कागदावरही क्षेत्राची अट वाचा. निघताना आणि पोचल्यावर किनाऱ्यावरच्या एका माणसाला फोन करायचं ठरवा, मार्ग त्याच्याकडे लिहून द्या. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093.

परतल्यावर इंजिनातून पंधरा मिनिटं गोडं पाणी सोडा, पाण्याची धार स्वच्छ आणि थंड होईपर्यंत. बोट सतत खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यात असते, म्हणून अॅनोड (इंजिनाच्या आधी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे) जस्ताऐवजी अॅल्युमिनियमचे लावा. जस्तावर निमखाऱ्या पाण्यात थर चढतो, तो काम थांबवतो आणि मग इंजिनाचंच धातू खाल्लं जातं. अॅनोड निम्मा झिजला की बदला.